एंजेलफिश भांडतायत? आधी हातातली जाळी खाली ठेवा

माशांच्या टँकमध्ये दोन एंजेलफिश तोंडात तोंड अडकवून गरागरा फिरतायत, तिसरा वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे फिन (पर) मिटून उभाय, आणि तुम्ही हातात जाळी घेऊन ठरवताय की यातला नक्की कोणाला बाहेर काढायचं. हे ओळखीचं वाटत असेल तर ती जाळी जरा वेळ बाजूला ठेवा, कारण मी माझ्या पहिल्या टँकमध्ये अशीच घाईघाईत जाळी घातली होती आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

झालं असं की मी 4 बारके एंजेल आणले होते, नाण्याएवढे, 2 फुटी टँकमध्ये. सात-आठ महिने काही नाही, सगळे एकत्र फिरायचे, एकत्र खायचे, मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवायचे. मग एक दिवस त्यातला काळा एकदम अंगावर जायला लागला, मार्बलची (संगमरवरी नक्षीच्या एंजेलची) शेपटी फाडली, एका सिल्व्हरला खाऊ देईना. मी म्हटलं हाच गुंड, काढला आणि ओळखीतल्या एकांना देऊन टाकला. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी तोच मार्बल, जो काल-परवापर्यंत मार खात होता, तो सगळ्यांना हाणायला लागला आणि जागा सुद्धा तीच, फिल्टरच्या पाइपच्या बाजूचा कोपरा. खूप नंतर डोक्यात प्रकाश पडला की काळा आणि दुसरा सिल्व्हर यांची जोडी जमली होती, पाइपवर अंडी घालायची तयारी चालली होती, मी काळ्याला काढल्यावर तो कोपरा रिकामा झाला आणि पुढच्याने बळकावला. म्हणजे मासा गुंड नव्हता हो, भांडण त्या कोपऱ्याचं होतं.

एंजेल हा सिक्लिड कुळातला मासा आहे, हे आपण त्याच्या दिसण्यामुळे विसरतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांच्याच खानदानातला. या खानदानाची रीत अशी की अंडी घालायची तर आधी जागा धरायची आणि मग तिथे दुसऱ्या कोणाला फिरकू द्यायचं नाही. बांधावरून भांडणं होतात ना अगदी तसं, फक्त इथला बांध माशांना दिसतो, आपल्याला दिसत नाही. मूळ ठिकाणी, म्हणजे अॅमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यात, हे मासे संथ पाण्यात बुडालेल्या फांद्या आणि मुळांच्या जंजाळात राहतात, त्यांचं ते चपटं अंग आणि उभे पट्टे त्याच्यासाठीच आहेत. तिथे हरलेला मासा दोन फांद्या ओलांडून पलीकडे गेला की विषय संपला, जिंकलेल्याला तो दिसतच नाही. टँकमध्ये पळून पळून पळणार कुठे, काचेला नाक घासून परत तिथेच. जिंकलेल्याला वाटतं हा अजून इथेच आहे म्हणजे याला अजून भांडायचंय, म्हणून परत एक फटका.

त्यामुळे माशाचा स्वभाव बदलायच्या भानगडीत पडूच नका, तो बदलणार नाही. हरलेल्याला नजरेआड होता आलं पाहिजे, एवढ्याच मागे लागा.

आधी अर्धा तास नुसतं बघा

खरंच बघा, स्टूल घेऊन, मोबाइल बाजूला ठेवून, टँकपासून चार-पाच फूट लांब. जवळ बसलात तर सगळे खाऊ मिळेल म्हणून पुढे येऊन नाचतात आणि खरं काय चाललंय ते दिसतच नाही. बघायचं एवढंच की कोण कोणाला मारतो, टँकच्या कुठल्या भागात मारतो, आणि मार खाणारा लांब गेल्यावर मारणारा थांबतो का मागे जातो. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

दोन एंजेल समोरासमोर येऊन फिन ताणतायत, कल्ले फुगवतायत, अंगावरचे पट्टे गडद झालेत, एकमेकांच्या बाजूला उभं राहून शेपटीने पाणी ढकलतायत, मग एकजण जरा तिरका होऊन निघून गेला, हे चालायचंच. तोंडात तोंड अडकवणं सुद्धा, बघताना छातीत धस्स होतं पण काही सेकंदांत सुटले आणि एकाने माघार घेतली तर ती त्यांची ताकद मोजायची पद्धत आहे. वाढत्या वयाच्या ग्रुपमध्ये हे दिवसातून कितीतरी वेळा होतं आणि कोणालाही ओरखडा येत नाही. तुम्ही मध्ये पडून काच वाजवलीत तर मोजणी अर्धवट राहते आणि थोड्या वेळाने परत पहिल्यापासून.

काळजी कधी करायची? माघार घेतलेल्याच्या मागे मारणारा टँकभर जातो, दर वेळी तोच एक मासा मार खातो, त्याच्या फिनला फक्त चिरा नाहीत तर तुकडे गेलेत, खवले निघून पांढरे डाग दिसतायत, डोळ्याला लागलंय, खायला पुढे येत नाही, आणि वरच्या कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ तिरका लटकून राहतोय. यातलं शेवटचं दिसलं तर वाट बघू नका, त्याला त्याच दिवशी वेगळा करा. तो कोपऱ्यातला मासा आराम करत नसतो, त्याला टँकमध्ये तेवढीच जागा शिल्लक ठेवलेली असते. मी एकदा उद्या बघू म्हटलं होतं, सकाळी तो तळाला होता.

आणखी एक, सगळेच वर येऊन भराभर श्वास घेत असतील तर ते भांडण नाही, पाणी बिघडलंय, आधी टेस्ट करा. अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात होणारी विषारी द्रव्यं) 0 पाहिजे, नायट्रेट 20 ते 40 पीपीएमच्या खाली. पाणी खराब असलं की मासे चिडचिडे होतात आणि त्यातला जो आधीच आजारी किंवा अशक्त आहे त्याला बाकीचे टोचून काढतात, मग आपल्याला वाटतं मारामुळे आजारी पडला, खरं कधीकधी उलटं असतं.

भांडण कशाचं आहे ते ओळखा

वयाचा अंदाज घ्या. एंजेल साधारण 6 ते 12 महिन्यांत वयात येतो, म्हणजे "इतके दिवस किती छान राहत होते आणि आता अचानक काय झालं" असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा उत्तर हेच असतं, की ते मोठे झाले. दोन मासे सतत बरोबर, टँकची एक बाजू त्यांची आणि बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला गर्दी करून, असं दिसलं की जोडी जमली म्हणून समजा. मग ते एखादं पान, फिल्टरचा पाइप, हीटर किंवा काचेचा उभा तुकडा तोंडाने घासून साफ करायला लागतात. पोटाखाली छोटीशी नळी बाहेर आलेली दिसते, नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. नर-मादी खात्रीने ओळखायची हीच काय ती वेळ, बाकी कपाळाच्या उंचवट्यावरून आणि फिनच्या लांबीवरून सांगणारे बरेच भेटतात, मी त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलंय. आणि हो, कधीकधी दोन माद्याच जोडी करतात, दोघी अंडी घालतात, सगळी अंडी एक-दोन दिवसांत पांढरी पडतात आणि आपण पाण्याला दोष देत बसतो.

अंडी असताना ती जोडी ऐकणार नाही. हात घातलात तर हाताला टोचतील. 27-28 डिग्रीला साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात, मग पिल्लं पानाला चिकटून वळवळत राहतात, आणि आणखी पाचेक दिवसांनी पोहायला लागतात. हा सगळा काळ, आणि पिल्लं जगली तर त्याच्या पुढचे काही आठवडे, बाकीच्या माशांचे हाल असतात. 4 फुटी टँक असेल तर जोडी एक कोपरा धरते आणि उरलेले दुसऱ्या टोकाला निभावून नेतात. 2 फुटी टँकमध्ये मात्र सगळा टँकच त्यांचा कोपरा होतो.

बरेच जण सांगतात अंडी काढून टाका म्हणजे शांत होतील. होतात, खोटं नाही, पण एक-दोन आठवड्यांत परत घालतात, आणि पिल्लं सांभाळत बसले असते तर जेवढा वेळ गेला असता त्यापेक्षा लवकर पुढची फेरी सुरू होते. त्यामुळे हा उपाय चार दिवस श्वास घ्यायला ठीक, कायमचा नाही. ज्या पानावर किंवा स्लेटवर (दगडाच्या पाटीवर) अंडी आहेत ते अख्खंच्या अख्खं उचलून दुसऱ्या छोट्या टँकमध्ये वाढवायला नेता येतं, ते जमलं तर उत्तम. तापमान 29-30 वर ठेवलं असेल तर ते 25-26 वर हळूहळू आणा, दिवसाला एखादी डिग्री, त्याने अंडी घालायचा उत्साह जरा कमी होतो आणि एकूण टँक निवांत होतो. आजारी मासा असेल तर मात्र हे करू नका.

जोडीला वेगळा टँक देणं हाच खरा उपाय आहे, आणि तो ऐकायला कोणालाच आवडत नाही, मलाही आवडला नव्हता. एका जोडीला 100 लिटरच्या आसपासचा टँक चालतो, उंची किमान 18 इंच हवी कारण पूर्ण वाढलेला एंजेल लांबीला 6 इंचांच्या आसपास आणि फिन धरून उंचीला त्याहून जास्त होतो. आत स्पंज फिल्टर, हीटर, एक स्लेट तिरकी उभी केलेली, एवढंच पुरतं.

जोडीतलेच दोघं भांडत असतील तर? होतं हो, नवरा-बायकोसारखं. अंडी घालायला एक तयार आणि दुसरा नाही, किंवा दोघांनी मिळून अंडी खाल्ली आणि मग एकमेकांवर राग काढला. पहिल्या दोन-तीन वेळच्या अंड्यांत असा घोळ बऱ्याच जोड्या घालतात. अशा वेळी मधे जाळीचा डिव्हायडर घाला, म्हणजे दोघं एकमेकांना दिसतील पण मारता येणार नाही. काही दिवसांनी दोघं जाळीच्या दोन्ही बाजूंना शांतपणे बरोबर तरंगायला लागले, एकमेकांकडे बघून थरथरायला लागले, की काढून बघा. जाळीतूनही धडका मारणं थांबत नसेल तर अपारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावा. त्यानंतरही तेच चालू राहिलं तर ती जोडी नाहीये, नुसते दोन मासे आहेत, वेगळे करून मोकळे व्हा.

जोडीबिडी काही नाही, सगळे वयाने लहान, आणि तरीही टोचाटोची, तर ती नंबर लावायची भांडणं. कोण पहिला, कोण दुसरा, कोण शेवटचा. इथे माशांची संख्या फार महत्त्वाची. 2 ठेवले आणि ते जोडी नसतील तर एक सतत मारणार आणि एक सतत खाणार. 3 हा आकडा तर सगळ्यात वाईट, दोघं एक होतात आणि तिसऱ्याचं काही खरं नसतं. 6 किंवा जास्त असले की मार वाटला जातो, कोणा एकाच्या वाट्याला सगळा येत नाही. पण 6 एंजेल म्हणजे 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण 250 लिटरचा टँक, आणि तोही पुढे मोठे झाल्यावर एखादी जोडी बाहेर काढायची तयारी ठेवूनच. छोट्या टँकमध्ये "जास्त आणले की भांडणं कमी होतात" हे ऐकून 6 घालू नका, पाणी घाण होईल आणि भांडणं आहेतच.

टँकमधलं फर्निचर हलवा

हा माझा सगळ्यात आवडता उपाय, कारण याला पैसे लागत नाहीत आणि एका दुपारात होतो. सगळी ड्रिफ्टवूड (टँकमधली लाकडं), दगड, झाडं यांच्या जागा बदला. नुसतं इकडचं तिकडे नाही, टँक ओळखू येऊ नये इतकं बदला, फिल्टरचा पाइप सुद्धा दुसऱ्या टोकाला न्या. बांधच पुसले गेले की जो मासा कोपऱ्याचा मालक होता तो पण नव्याने आलेल्यासारखा गोंधळतो आणि मारण्यापेक्षा आधी फिरून बघायला लागतो. मी केलं तेव्हा दोन दिवस सगळे एकदम सभ्य माणसासारखे वागत होते, मला तर वाटलं सुटले.

पण हे बदलताना रचना कशी करताय त्यावर ते टिकणार की नाही ते ठरतं. आपण काय करतो, सगळी सजावट तळाला करतो, छोटी गुहा, गोटे, एखादी बुटकी झुडुपं, आणि वरचा दीड फूट मोकळा. एंजेल तळाला राहतच नाही, तो मधल्या आणि वरच्या पाण्यातला मासा, त्याच्या दृष्टीने तो टँक म्हणजे रिकामं मैदान आहे. आडोसा उभा पाहिजे, तळापासून पाण्याच्या वरपर्यंत. उंच ड्रिफ्टवूड उभं करा, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया (लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती) दाट लावा, अॅमेझॉन स्वोर्डची मोठी रोपं मधे, वर तरंगणारी झाडं ज्यांची मुळं खाली लोंबतात. जिवंत झाडं जमत नसतील तर सिल्कची उंच झाडं चालतात, कडक प्लास्टिकची नकोत, त्यांनीच फिन फाटतात. टँकच्या मधोमध एक असा अडसर ठेवा की डाव्या टोकाच्या माशाला उजवं टोक दिसणार नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे टँकच्या एका टोकाच्या काचेतून, बाजूने, वाकून आत बघा. पलीकडची भिंत दिसली तर अजून झाडं लागतील.

घासायला, अंडी घालायला दोन-तीन उभ्या जागा ठेवा, लांब लांब. एकच पाइप असला तर सगळे त्याच्यासाठीच मरतात.

हे सगळं करूनही एकजण ऐकत नसेल तर त्याला, म्हणजे मारणाऱ्याला, सात ते दहा दिवस बाहेर ठेवा. मार खाणारा जखमी नसेल तर त्याला नाही, तो नुसता परत आला की परत शेवटचाच असतो. मारणारा बाहेर असताना बाकीचे आपापले नंबर लावून घेतात, तुम्ही तेवढ्यात सजावट बदला, आणि मग तो परत येतो तेव्हा तो नवीन असतो. सोडायचा संध्याकाळी, लाइट बंद करून, बाकीच्यांना जरा खाऊ घालून. सकाळी एकदम लाइट लावू नका, आधी खोलीत उजेड येऊ द्या. नवीन एंजेल आणून सोडतानाही हीच पद्धत, फक्त एकटा नवीन मासा कधीच नको, निदान दोन-तीन एकदम आणि आकाराने जुन्यांच्या जवळपास, आणि आधी वेगळ्या टँकमध्ये तीन-चार आठवडे क्वारंटाइन. लहान आकाराचा एकटा एंजेल जमलेल्या ग्रुपमध्ये सोडणं म्हणजे त्याला पार्सल करून पाठवण्यासारखं आहे.

पाणी बदलण्याचा एक मुद्दा आहे जो मला बराच उशिरा कळला. मला दिसायचं की पाणी बदललं की त्या संध्याकाळी हमखास मारामाऱ्या, मला वाटायचं ताज्या पाण्याने अंगात येतं यांच्या. माशांना एकमेकांचा नंबर पाण्यातल्या वासावरून सुद्धा कळतो आणि खूप पाणी एकदम बदललं की ती ओळख पातळ होते, मग परत भांडून ठरवावं लागतं. ब्राझीलमध्ये एंजेलवरच झालेल्या एका अभ्यासात 50 टक्के पाणी बदलल्यावर दिसलेली मारामारी 25 टक्के पाणी बदलल्यावरच्या मारामारीपेक्षा जास्त होती. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा टँक रिकामा करण्यापेक्षा दोनदा 20-25 टक्के बदला, पाणी जवळपास तेवढंच स्वच्छ राहतं. तापमान जुळवून घाला, गार पाणी एकदम ओतू नका. आणि याचा अर्थ पाणी बदलूच नका असा कोणी काढू नये!

खाण्यावरून भांडणं होत असतील तर ती सगळ्यात सोपी. दिवसातून एकदा मूठभर टाकण्याऐवजी दोन-तीनदा थोडं थोडं द्या, आणि टँकच्या दोन्ही टोकांना एकदम टाका, दादा एका वेळी एकाच टोकाला असू शकतो. तरंगणारे फ्लेक्स आणि हळू बुडणारे पेलेट मिसळून द्या म्हणजे खाणं वर-खाली पसरतं. ब्लडवर्म (लाल अळ्या) रोज नको, त्याने पोट बिघडतं आणि काहींना तो दिसला की वेड लागल्यासारखं होतं.

काचेतला शत्रू हा पण एक प्रकार असतो. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टँकचा लाइट चालू असला की काचेचा आरसा होतो आणि एंजेल स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो, चिडतो, आणि तो राग शेजाऱ्यावर काढतो. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून गडद कागद लावा, खोलीतला एक दिवा चालू ठेवा. मजेशीर वाटेल पण माझ्या एका माशाचा निम्मा गुंडपणा यानेच गेला.

बाकीच्या माशांचं थोडक्यात सांगते. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा एंजेलबरोबर नको, ते एंजेलच्या लांब फिन कुरतडतात आणि मग वैतागलेला एंजेल दिसेल त्याच्यावर तुटून पडतो, आपण मात्र एंजेललाच बोल लावतो. बेटा (फायटर) मासाही नको. निऑन टेट्रा छोट्या एंजेलबरोबर राहतात, पण एंजेल मोठा झाला की एकेक निऑन रात्रीतून कमी व्हायला लागतो, ती मारामारी नाही, ते जेवण आहे. कोरीडोरास, ब्रिसलनोज प्लेको हे तळाचे मासे बरे, पण अंड्यांच्या वेळी रात्री तेच जाऊन अंडी खातात, तेव्हा जोडी रात्रभर बेचैन राहते. व्हेल जातीचे, म्हणजे लांब झुलत्या फिनचे एंजेल साध्या फिनच्या चपळ एंजेलबरोबर ठेवले तर व्हेलच मार खातात, त्यांना वळायलाच वेळ लागतो, शक्यतो वेगळे ठेवा.

लागलं असेल तर

जखमी एंजेलला 30-40 लिटरच्या टबमध्ये किंवा टँकमध्ये हलवा, बादलीत नको, बादलीत पाणी पटकन गार होतं आणि पटकन खराब होतं, आगीतून फुफाट्यात. पाणी मोठ्या टँकमधलंच घ्या, स्पंज फिल्टर शक्यतो आधीपासून चालू असलेला, हीटर 27 वर, उजेड कमी, आडोशाला एखादं सिल्कचं झाड. फिनला नुसत्या चिरा असतील तर स्वच्छ पाण्याशिवाय काही लागत नाही, काही आठवड्यांत भरून येतात. हो, फिन अगदी मुळापासून गेली असेल तर ती तशीच राहू शकते. मीठ घालायचं असेल तर आयोडीन नसलेलं, 1 लिटरला 1 ग्रॅम, आधी मगभर पाण्यात विरघळवून आणि दोन-तीन वेळा थोडं थोडं करून, आणि ते या वेगळ्या टबमध्येच, कोरीडोरास आणि झाडं असलेल्या मुख्य टँकमध्ये नाही. मीठ आपोआप उडून जात नाही, जेवढं पाणी बदलाल तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घाला, दर वेळी पूर्ण डोस घालत बसू नका. दररोज 20-25 टक्के पाणी बदला, खाणं थोडं द्या, न खाल्लेलं काढून टाका.

फिनची कड पांढरी होऊन रोज थोडी थोडी आत सरकत असेल, जखमेवर कापसासारखं काही दिसत असेल, तर ते इन्फेक्शन, तिथे औषध लागेल. लेबलवर टँकच्या लिटरप्रमाणे डोस दिलेला असतो तो मोजून घ्या, अंदाजाने चमचा नको, आणि दोन औषधं एकदम नको. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मोठ्या टँकमध्ये ओतू नका, त्याने फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात आणि मग अमोनिया वाढून सगळेच गोत्यात येतात. मी ओतलंय, म्हणून सांगते. सिलिकॉनच्या कडा पण निळ्या झाल्या, अजून आहेत.

बरा झालेला मासा परत त्याच टँकमध्ये, तीच सजावट, तेच मासे, असं सोडलंत तर परत दहा दिवसांत टबमध्ये येईल. आधी टँक बदला, मग मासा सोडा, आणि पहिले दोन-तीन तास घरी असाल असाच दिवस निवडा.

हे सगळं करूनही जमत नसेल तर कोणालातरी द्यावं लागतं, आणि इथे बहुतेक जण माझ्यासारखीच चूक करतात, सगळ्यात भांडकुदळ एकाला उचलून देतात. आधी बघा की त्याचा जोडीदार आहे का. असेल तर दोघांना एकत्रच द्या, घेणाऱ्याला पण जमलेली जोडी मिळते आणि ती मिळणं सोपं नसतं. किंवा उलट करा, जोडी स्वतःकडे ठेवा आणि उरलेले सगळे एकत्र द्या. माझ्याकडे आता 2 फुटी टँकमध्ये एकच जोडी आहे, एक कोई (नारिंगी-पांढऱ्या-काळ्या रंगाचा एंजेल) आणि एक सिल्व्हर, बाकी कोणी नाही, एक म्हातारा प्लेको सोडला तर. पाइपला मी प्लास्टिकची जाळी गुंडाळलीये आणि समोर स्लेट ठेवलीये, तरी त्यांनी गेल्या वेळी अंडी हीटरवरच घातली.